शांततेच्या बैठकीत बायका कुठं बसतात?

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. सीमावाद पेटला, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीपाशी थांबल्या. माझी आत्या महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात झालेलं, आणि तपासणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. शिनोळीपर्यंत ती एका दुधाच्या टेम्पोतून आली, पुढं हद्द पायी ओलांडून बाचीला पोचली आणि इकडची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिली. डोळ्यावर काळा चष्मा, पदर तोंडावर ओढलेला, मांडीवर पिशवी. पिशवीत दवाखान्याची फाईल आणि आमच्यासाठी चार रताळी. घरात येऊन पाय धुतले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "गाड्या बंद केल्यात त्या. आमाला कुणी इचारलं काय?"

कागदोपत्री या विषयाला 'शांतता उभारणीत आणि राजकीय निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग' असं जड नाव आहे. आत्याचा प्रश्न तोच आहे. निर्णयाचा भार जिच्या डोक्यावर येतो, तिला निर्णयाआधी कुणी विचारतं का?

त्याच महिन्याच्या १४ तारखेला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई यांना समोरासमोर बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या भागावर दावा सांगायचा नाही, आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून रोजचे प्रश्न सोडवायचे, असं ठरलं. निर्णय चांगलाच होता. पण गाडी बंद पडली की कुणाच्या घरात काय अडतं हे सांगणारी एक तरी बाई त्या सहा जणांत असावी, अशी अट त्यात नव्हती.

दगड थांबले म्हणजे शांतता आली का?

आधी शब्दाचा अर्थ लावून घेऊ. बांधावरून दोन भाऊबंद काठ्या घेऊन एकमेकांवर धावले, अशी कल्पना करा. फौजदार येतो, दोघांना बाजूला करतो. ही शांतता राखणं झाली. मग पंच बसतात, मोजणी मागवतात, दोघांच्या सह्या घेतात. हा समेट. त्यानंतरचं काम मात्र वर्षानुवर्षं चालतं. पुढच्या सुगीला एकमेकांच्या मळणीला जायचं की नाही, विहिरीच्या पाळ्या कशा लावायच्या, एका घरची लग्नपत्रिका दुसऱ्या घरात पोचते की नाही. भांडण पुन्हा उकरून निघू नये म्हणून जे जे करावं लागतं, त्याला शांतता उभारणी म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२ च्या आपल्या अहवालात हे टप्पे वेगळे करून मांडले आणि तेव्हापासून हा शब्द सरकारी कामकाजात रुळला.

त्यांच्याही आधी नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी एक साधी गोष्ट सांगून ठेवली होती. मारामारी नाही ही अर्धी शांतता. ज्या अन्यायातून मारामारी उगवते तो दूर होतो, तेव्हा ती पुरी होते.

आता हे आपल्या सीमाभागाला लावून बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका वगळून) तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या १७ जानेवारीच्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना मराठी माणूस दरवर्षी अभिवादन करतो. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला; हिंडलग्याचं स्मारक त्याच हुतात्म्यांचं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्येच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ८६५ गावांवरचा हक्क सांगणारा ठराव केला. दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी निघते, मधे पोलिसांचे बॅरिकेड. म्हणजे पहिला टप्पा पोलीस सांभाळतात. दुसरा न्यायालयाच्या हातात आहे. तिसऱ्या टप्प्याचं काम कुणाकडं सोपवलेलंच नाही, आणि ते रोज चाललेलं मात्र असतं. चंदगडची लेक उचगावात नांदते, निपाणीची कागलला. रोटी-बेटीचा हा व्यवहार १९५६ नंतरही थांबला नाही. तो चालू ठेवणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. सणावाराला निरोप त्यांचे जातात, बाळंतपणाला त्याच येतात, आणि बस बंद झाली की पायी हद्द ओलांडणाऱ्याही त्याच.

१३२५ हा आकडा कशाचा?

३१ ऑक्टोबर २००० ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १३२५ एकमतानं मंजूर केला. युद्धात बायका फक्त बळी नसतात, तर तह करताना, तो राबवताना आणि पुढची घडी बसवताना त्यांना बरोबरीची जागा मिळाली पाहिजे, असं सुरक्षा परिषदेनं पहिल्यांदाच म्हटलं. सहभाग, संरक्षण, हिंसेला आळा, आणि मदत-पुनर्वसन असे त्याचे चार खांब. अनेक देशांनी त्यावर आपापले राष्ट्रीय कृती आराखडे केले. भारतानं असा आराखडा केलेला नाही. मात्र २००७ मध्ये लायबेरियात शांतता राखण्यासाठी फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवणारा पहिला देश भारतच होता. पहारा द्यायला बाई चालते. बैठकीत बसवायचं म्हटलं की अडतं. आणि हे एकट्या भारताचं नाही. १९९२ ते २०१९ या काळातल्या जगातल्या मोठ्या शांतता प्रक्रिया घेतल्या, तर वाटाघाटी करणाऱ्यांत बायका सरासरी १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि सह्या करणाऱ्यांतही ६ टक्केच होत्या.

हा ठराव सशस्त्र संघर्षासाठी आहे. बेळगाव म्हणजे युद्धभूमी नव्हे, आणि तसं कुणी म्हणू नये. पण भाषा, ओळख आणि हद्द यांवरून दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या ताणलेले राहिले तर काय करावं, हा प्रश्न आपला आहेच. त्यासाठी मला सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते उत्तर आयर्लंडचं.

तिथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन समाजांत तीस वर्षं रक्त सांडत होतं. १९९६ मध्ये वाटाघाटींसाठी प्रतिनिधी निवडायची वेळ आली. नियम असा ठेवला होता की राज्यभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना, मतं थोडी असली तरी, दोन-दोन जागा नक्की. प्रस्थापित पक्षांच्या याद्यांत बायका जवळजवळ नव्हत्या. तेव्हा दोन्ही समाजांतल्या बायकांनी काही आठवड्यांत स्वतःची आघाडी उभी केली. मतं मिळाली जेमतेम एक टक्का, पण जागा दोन मिळाल्या. एकीवर कॅथलिक मोनिका मॅकविल्यम्स बसल्या, दुसरीवर प्रोटेस्टंट पर्ल सेगर. पुरुष पुढाऱ्यांचं भांडण सत्ता, शस्त्रं आणि कैदी यांवर चाललेलं असताना या बायकांनी वेगळेच विषय आणले. ज्यांची माणसं गेली त्यांचं काय? दोन्ही समाजांची मुलं एका शाळेत कधी बसणार? मिश्र वस्तीत राहायचं म्हटलं तर घर मिळेल का? १० एप्रिल १९९८ च्या करारात यातल्या गोष्टी आल्या.

या गोष्टीतला निवडणुकीचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. बायका हुशार होत्या, धीट होत्या, ते खरंच. पण तो एक नियम तसा नसता, तर त्या बाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

लायबेरियातल्या बायकांना असा नियमही मिळाला नाही. २००३ मध्ये यादवी थांबावी म्हणून लेमा बोवी यांच्या मागं ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मोन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हात बसल्या, आणि पुढं घानामध्ये बोलणी रेंगाळली तेव्हा त्या सभागृहाच्या दारातच ठाण मांडून बसल्या. बोवींना २०११ मध्ये शांततेचं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडं नागालँडमधल्या मातांच्या संघटनेनं १९९० च्या दशकात 'आता रक्त सांडू नका' म्हणत बंडखोर गट आणि सरकार दोघांकडंही जाऊन रदबदली केली.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण भाषणांत तो फार ऐकू येतो. 'बाई म्हणजे माया, बाई म्हणजे शांती.' असं काही नसतं. बायकाही भडकावतात, बायकाही व्हॉट्सॲपवरचा खोटा व्हिडिओ दहा ग्रुपांत ढकलतात, शेजारणीच्या भाषेवरून टोमणे मारतात. निर्णयात त्यांना जागा हवी ती त्या पुरुषांपेक्षा चांगल्या असतात म्हणून नव्हे. गावातली निम्मी माणसं त्या आहेत आणि परिणाम त्यांनाही भोगावे लागतात, म्हणून. हे कारण पुरेसं आहे.

खुर्ची मिळाली, कागद कुणी वाचायचा?

राजकीय निर्णयाची सर्वांत जवळची जागा म्हणजे ग्रामपंचायत, आणि या बाबतीत कर्नाटकाचं ऋण मान्य करायला हवं. सगळ्या देशात पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं, १९९३ मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३ मध्ये, रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारनं केलेल्या पंचायत कायद्यात महिलांना २५ टक्के आरक्षण होतं. पंचायत राज मंत्री अब्दुल नझीर साब यांनी तो कायदा पुढं रेटला आणि १९८७ मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या. पुढं २०१० पासून कर्नाटकात हे आरक्षण निम्म्यावर गेलं. ग्रामपंचायतीची निवडणूक इथं पक्षाच्या चिन्हावर होत नाही. महाराष्ट्रात ज्याला सरपंच म्हणतात त्याला इकडं अध्यक्ष म्हणतात, आणि ते पद कुठल्या गावात महिलेसाठी राखीव हे आळीपाळीनं ठरतं.

आरक्षणानं फरक पडतो का? पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमुखपद बाईसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. घागर कुणाच्या डोक्यावर असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

पण सीमाभागात एक गाठ अशी आहे जी बंगालात नव्हती. माझ्या ओळखीच्या एक बाई खानापूरकडच्या एका पंचायतीत अध्यक्ष झाल्या. शिक्षण सातवी, मराठी शाळेत. निवडून आल्यावर पहिले काही महिने त्यांचे मालकच शेजारच्या खुर्चीवर बसायचे, अधिकाऱ्याशी तेच बोलायचे आणि बाईंनी बोट दाखवतील तिथं सही करायची. हे देशभर चालतं. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं नेमलेल्या समितीनं २०२५ च्या अहवालात अशा 'पतिराजां'ना आळा घालायला दंडाची शिफारस केली आहे. इथं मात्र मालक दूर झाले तरी प्रश्न सुटत नव्हता, कारण ठरावाचं बुक कन्नडमध्ये. नोटीस कन्नडमध्ये, अंदाजपत्रक कन्नडमध्ये, तालुक्याहून येणारं परिपत्रक कन्नडमध्ये. नवऱ्याच्या जागी दुसरा कुणीतरी पुरुष वाचून सांगणार, आणि तो सांगेल तेच खरं.

मग बाईंनी नववीतल्या मुलीला हाताशी धरलं. मुलीला शाळेत कन्नड होतं. रात्री जेवणं झाली की चुलीजवळ मायलेकी कागद घेऊन बसायच्या. मुलगी अक्षरावर बोट ठेवून वाचायची, मराठीत सांगायची, आणि बाई वहीच्या पानाची चिठ्ठी फाडून त्यावर आपल्या अक्षरात दोन ओळी लिहून कागदाला टाचणी लावायच्या. 'मोटार दुरुस्ती, वरची वाडी.' 'गटार, शाळेमागं.' महिन्याभरात त्यांना आकडे कळायला लागले, मग काही शब्द. नीरु म्हणजे पाणी, रस्ते म्हणजे रस्ताच, हण म्हणजे पैसा. एका बैठकीत त्यांच्या समोर ठराव आला. चिठ्ठीवर हवं होतं वरच्या वाडीच्या बोअरचं काम, आणि कागदात पाणी हा शब्दच सापडेना. होतं ते कमानीचं काम. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा, मग सही करतो."

(बाहेरच्या मराठी माणसाला हे 'करतो' खटकतं. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी करतो' म्हणतात. शाळेतल्या बाई आमचं ते दुरुस्त करायच्या. आज ते वाक्य आठवलं की मला ते दुरुस्त करावंसं वाटत नाही.)

त्या दिवशी सही झाली नाही. पुढच्या बैठकीत मोटार आली.

म्हणून माझं मत असं झालंय की सीमाभागात महिलांच्या सहभागाची किल्ली भाषेत आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी फिरवावी लागेल. एक म्हणजे मराठीतून कागद मागणं. तो हट्ट नाही, हक्क आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार आपली तक्रार किंवा गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडं देता येतं. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांत आहे. दुसरी बाजू म्हणजे कन्नड वाचता येणं. हे लिहिताना मला ठाऊक आहे की काहींना ते रुचणार नाही. पण कन्नड वाचता येणं म्हणजे सीमाप्रश्न सोडून देणं नव्हे. ज्या बाईला समोरचा कागद वाचता येतो, तिला फसवता येत नाही. ती मराठीसाठीही जास्त जोरानं भांडू शकते.

विधानसभेपर्यंत

वरच्या पायऱ्यांवर बेळगाव जिल्हा कर्नाटकात उठून दिसतो. २०१८ च्या निवडणुकीत २२४ जणांच्या विधानसभेत फक्त ७ महिला निवडून आल्या, त्यांतल्या तीन एकट्या बेळगाव जिल्ह्यातल्या: बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर, निपाणीतून शशिकला जोल्ले आणि खानापूरमधून अंजली निंबाळकर. २०२३ मध्ये राज्यात १० आल्या, त्यांत हेब्बाळकर आणि जोल्ले पुन्हा. दोघींकडंही वेगवेगळ्या सरकारांत महिला आणि बालकल्याण खातं आलं. लोकसभेत २०२१ च्या पोटनिवडणुकीत बेळगावातून मंगला अंगडी आणि २०२४ मध्ये चिकोडीतून प्रियांका जारकीहोळी गेल्या. यांतल्या काहींसाठी घरातलं राजकारण हेच दार होतं, पती किंवा वडील आधीपासून सत्तेत होते. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही, पण ज्या बाईच्या घरात असं दार नाही तिचं काय, हे विचारत राहायला हवं. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगायला हवी. सीमालढ्यात बायका पहिल्यापासून आहेत. सत्याग्रहात त्या होत्या, मोर्च्यात लाठ्या त्यांनीही खाल्ल्या, तुरुंगात गेलेल्यांचे डबे आणि मागं राहिलेल्यांचे संसार त्यांनी ओढले. पण आजही सभेला गेलं की बायकांना समोरच्या रांगांत सतरंजीवर बसवतात, फोटोला बरं दिसतं, आणि काय बोलायचं, कुठं माघार घ्यायची, उमेदवार कोण द्यायचा हे ठरतं ते सभेच्या आदल्या रात्री, पुरुषांच्या बैठकीत. जी मागणी आपण सरकारकडं करतो, विचारात घ्या म्हणतो, तीच आपल्या घरातल्या बायका आपल्याकडं करताहेत.

राणी चन्नम्मा चौकातून जाताना मला हे नेहमी आठवतं. कन्नड मिरवणुका तिथं जमतात, म्हणून मराठी माणूस तो पुतळा आपला मानत नाही. पण कित्तूरच्या या राणीनं १८२४ मध्ये इंग्रजांशी लढण्याआधी मुंबईच्या गव्हर्नरला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला, पत्र लिहून आपली बाजू मांडली होती. तिनं आधी बोलणी केली. ती धुडकावली गेली, मग तलवार आली. पुतळ्याच्या हातात तलवार आहे. पत्र कुणी कोरलं नाही.

जिथं आधीपासून चालू आहे

बायकांची मिळून-मिसळून राहण्याची ताकद सीमाभागात नवी नाही. १९८० च्या आसपास निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी युनियन बांधली. नाकातोंडात तपकिरीसारखा धुरळा जात असताना, मजुरीसाठी मालकासमोर उभं राहायला त्या शिकल्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्ही राज्यांतून बैलगाड्या जातात, आणि देवीच्या नावानं मुली सोडण्याची प्रथाही हद्द मानत नव्हती. सात वर्षांची असताना देवदासी म्हणून सोडलेल्या सीतव्वा जोडट्टी यांनी पुढं अशाच हजारो बायकांची संघटना बेळगाव जिल्ह्यात चालवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि गावोगावचे बचत गट बघा. माझ्या माहितीतल्या एका गटात सहा मराठी आणि पाच कन्नड घरच्या बायका आहेत. हिशोबाची वही मराठीत, बँकेचा अर्ज कन्नडमध्ये, आणि भांडणं दोन्हीत. कर्ज थकलं की भाषा कुणाला आठवत नाही, अक्का कधी फेडणार एवढंच विचारतात.

या बायकांना शांतता समितीचं निमंत्रण जात नाही. गणेशोत्सव, ईद, शिवजयंती आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीच्या कमिटीची माणसं, नगरसेवक, 'ज्येष्ठ नागरिक' या नावाखाली चार-पाच ओळखीचे चेहरे. मिरवणुकीचा मार्ग, डॉल्बीचा आवाज, विसर्जनाची वेळ यांवर बोलणं होतं. कुठला पोरगा कालपासून घरी आला नाही, कुणाच्या मोबाईलवर काय फिरतंय, कुठल्या गल्लीच्या नळावर कालपासून कोण कोणाशी बोलत नाही, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं. शांतता उभारणीच्या भाषेत याला पूर्वसूचना म्हणतात. दंगल पेटण्याच्या आदल्या दोन दिवसांत गल्लीत ज्या खुणा दिसतात, त्या आधी बायकांना दिसतात, कारण गल्लीत दिवसभर त्याच असतात. त्यांना विचारलं तर त्या सांगतील. पण रात्री नऊ वाजता ठाण्यात बोलावलं तर येणार नाहीत. बैठक दुपारी घ्या, अंगणवाडीत घ्या, दोन्ही भाषांत घ्या.

आत्याचा प्रश्नही इथंच लागतो. पुन्हा कधी तणाव झाला, तर दवाखान्याच्या आणि शाळेच्या गाड्या कुठल्या मार्गानं, किती वाजता, कुणाच्या बंदोबस्तात चालू राहतील, हे आधीच ठरवून ठेवता येतं. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट बघायला नको. बेळगाव आणि चंदगड तालुक्यांतले अधिकारी, दोन्हीकडच्या पंचायतींच्या महिला सदस्य आणि एसटीची माणसं एका दुपारी बसली तरी पुरे.

पंचायतीत महिलांची ग्रामसभा वेगळी घ्यायची असते, मुख्य ग्रामसभेच्या आधी. तुमच्या गावात ती कागदावरच होत असेल तर पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं, म्हणजे पीडीओकडं, जाऊन तारीख विचारा. हे गाड्यांचं, शांतता समितीत बायका घेण्याचं आणि नोटिसा दोन्ही भाषांत लावण्याचं विषयपत्रिकेवर घ्या म्हणून अर्ज द्या. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. दहा-बारा जणींच्या सह्या घ्या, त्यांत कन्नड घरच्या दोघी-तिघी असू द्या. दोन प्रती करा. एक तिथं द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. पीडीओ साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तिथंच बसा, ते येतात.